सोसायटीच्या डांबरी पार्किंगवर सीलकोट: मे महिन्यात उरकू का थांबू?

बेसा_रोडवाला

नमस्कार मंडळी, नागपुरात कोणी सोसायटीच्या डांबरी पार्किंगवर सीलकोट, म्हणजे डांबरावर मारायचा पातळ संरक्षक थर, करून घेतला असेल तर मार्गदर्शन पाह्यजे, रविवारी मीटिंग आहे अन मला तिथं काहीतरी ठोस सांगायचं आहे.

आमच्याकडं आतला रस्ता अन उघडी पार्किंग मिळून साधारण १२,००० चौरस फूट डांबरीकरण आहे, बिल्डरनं ताबा देताना केलं होतं तेच, त्यावर नंतर कोणी हात लावला नाही. आता सगळं राखाडी पडलं, हात फिरवला की बारीक चुरी हाताला लागते. कंपाउंडच्या भिंतीला लागून लांबच लांब भेगा आहेत, उन्हाळ्यात त्या रुंद होतात अन पावसाळ्यात बुजल्यासारख्या दिसतात. मागच्या विंगच्या कोपऱ्यात ट्रान्सफॉर्मरजवळ एक पट्टा जाळीजाळीनं फुटला, तिथं पाणीही साचून राहते. खालच्या मजल्याचे कूलर ओव्हरफ्लो होतात त्याचं पाणी दिवसभर पार्किंगवर. दोन-तीन गाड्यांच्या खाली ऑइलचे कायमचे डाग.

तीन ठेकेदारांचे कोटेशन आले, एकाचा भाव दुसऱ्याच्या जवळपास अडीचपट, अन तिघांच्याही कागदावर फक्त 'सीलकोट करून देणे'. विचारलं तर एक म्हणते गरम डांबर मारून वरून चुरी टाकतो, दुसरा म्हणते इमल्शन (बारीक कणांत पाण्यात मिसळलेलं डांबर) आणखी पाण्यात मिसळून फवारतो, तिसरा म्हणते फॉरेन टाईपचं तयार मटेरियल आहे, दोन हात मारू, एकदम काळंकुट्ट होईल. एका गोष्टीवर मात्र तिघांचं एकमत, पाऊस लागायच्या आत मे मध्येच करून घ्या, जितकं ऊन तितकं चांगलं सुकते. कमिटीतले काही म्हणतात सीलकोट म्हणजे नुसता काळा रंग, उखडा अन गट्टू (पेव्हर ब्लॉक) लावा. नेमकं काय करावं?

साईटवरचा_माणूस

भाऊ, मी बरीच वर्षं विदर्भातच रस्त्याच्या साईटवर काढली, त्यामुळं जरा लांब लिहितो, सवडीनं वाचा.

पहिले तर तीन कोटेशनचे भाव एकमेकांशी लावूच नका, तिघं तीन वेगळी कामं सांगून राहिले. पहिला जे सांगते ते सरकारी रस्त्यावरचं काम, कार्पेट म्हणजे डांबर-गिट्टीचा थर टाकला की त्याची छिद्रं बुजवायला वरून गरम डांबर अन बारीक गिट्टी, नाहीतर डांबरात घोळलेली चुरी टाकून रोलर फिरवतात. रस्त्यावर ते ठीक आहे, तिथं दिवसभर वाहनं जाऊन ते दबून बसते. पार्किंगमध्ये गाडी एका जागी तासन्‌तास उभी असते, अन आपलं ऊन पाहा. रस्त्याचं साधारण डांबर व्हीजी-३० ग्रेडचं असते, आयएस ७३ या भारतीय मानकात त्याचा मऊ पडायचा बिंदू किमान ४७ अंश मागितला आहे. नागपुरात २३ मे २०१३ ला नुसत्या हवेचं तापमान ४७.९ गेलं होतं, अन उन्हातल्या काळ्या पृष्ठभागाचं दुपारी साठीच्या पुढं सहज जाते. मग जास्तीचं डांबर वर येते, टायरला चिकटते, चपलेसोबत घरात येते. तुमच्या जागेला हे काम नको.

दुसरा म्हणते ते फॉग सील. एसएस-१ नावाचं सावकाश सेट होणारं इमल्शन, त्यात तितकंच पाणी, अन चौरस मीटरला अर्धा ते एक लिटर फवारा. स्वस्त आहे, राखाडी पडलेल्या पण धड असलेल्या डांबराला त्यानं परत थोडा जीव येते, बारीकशी चुरी सुटायची थांबते. पण थर अगदी पातळ, अन त्यात रेती नसल्यामुळं जास्त फवारलं तर पहिल्या पावसात दुचाकी घसरते. तिसऱ्याचं मटेरियल म्हणजे इमल्शनमध्ये माती-फिलर अन बारीक रेती मिसळलेलं सीलर, बाहेरच्या देशात पार्किंग लॉटवर हेच दोन पातळ हातांनी मारतात. पार्किंगसाठी तिघांत हेच बरं, फक्त त्यात नेमकं काय आहे हे कागदावर पाह्यजे.

आता कमिटीला सांगायची मुख्य गोष्ट. यातलं कोणतंच काम जमिनीला ताकद देत नाही. ऊन अन हवा लागून डांबर वरून कडक अन ठिसूळ होत जाते, त्याचा काळेपणा जाते, चुरी सुटते, मग बारीक फटीतून पाणी खाली उतरते, अन डांबरी काम खरं मरते ते या पाण्यानं. सीलकोट ऊन अन पाणी वरच्या वर अडवते, बस. खालचा थर शाबूत असेल तर त्याचं आयुष्य वाढते, खालचा थर गेला असेल तर पैसे पाण्यात. तुमचा ट्रान्सफॉर्मरजवळचा जाळीजाळीनं फुटलेला पट्टा म्हणजे तिथला खालचा मुरूम अन गिट्टीचा थर ओला होऊन बसला, त्यावर दहा हात सीलर मारा, पुढच्या पावसाळ्यात तीच जाळी वर दिसेल. तो पट्टा चौकोनी कापून, उखडून, खालची ओली माती काढून, मुरूम-गिट्टी भरून थराथरानं दाबून मगच वर हॉटमिक्स (गरम डांबर-गिट्टीचं मिश्रण) टाकावं लागते. अन पाणी साचायचं कारण आधी काढा, उतार मीटरला दोन सेंटिमीटर तरी पाह्यजे, नाहीतर नवा पट्टाही तसाच जाईल.

भिंतीजवळच्या भेगांचं म्हणाल तर ती काळी माती आहे. बेसा काय अन मानेवाडा काय, आपल्याकडची ही माती पावसात फुगते अन उन्हाळ्यात आकसते, कडेला तर जास्तच कारण तिथं ती बाहेरून सुकते, अन जवळ झाड असलं तर ते उरलंसुरलं पाणीही ओढून घेते. म्हणून त्या भेगा उन्हाळ्यात रुंद दिसतात. या भेगांत सिमेंटचं पाणी ओतून बुजवणारे खूप पाह्यले, तसं करू देऊ नका, सिमेंट ताणत नाही, माती हलली की बाजूनं परत फट पडते. तिथं रबर मिसळलेलं लवचिक क्रॅक फिलर लागते. तीन मिलिमीटरपर्यंतची बारीक रेघ सीलर स्वतःच भरून काढते, त्याच्या वरची प्रत्येक भेग आधी गवत-मातीपासून साफ करून, हवा मारून, वेगळी भरावी लागते. भेगा न भरता सीलकोट मारला तर फक्त काळ्या भेगा मिळतात.

मे महिन्याचं उत्तर: पॅचिंग अन भेगा मे मध्ये, सीलकोट नोव्हेंबरमध्ये. हॉटमिक्सला ऊन फायद्याचं, माल गरम राहते अन नीट दबते. इमल्शनचं उलटं आहे. त्यातलं पाणी हळूहळू उडून डांबराचे कण एकमेकांना धरायला पाह्यजेत. साठ अंशाच्या जमिनीवर ते टाकलं की दुधावर साय धरते तशी वरून कातडी धरते, खाली पाणी तसंच अडकून राहते, अन गाडी वळली की ती कातडी टायरसोबत उचलून येते. दुसरं म्हणजे नवीन हॉटमिक्सवर लगेच सीलर मारायचा नसतो, त्यातली तेलं उडून ते जरा कडक व्हावं लागते. मे मध्ये पॅच केला की नोव्हेंबरपर्यंत त्याला आपोआप सहा महिने मिळतात, अन मधल्या पावसाळ्यात तुम्हाला हेही दिसते की पाणी अजून कुठं साचते. डिसेंबर-जानेवारी टाळा, आपल्याकडं रात्री पारा दहाच्या खाली जाते अन सकाळी दव असते. नोव्हेंबर हुकला तर फेब्रुवारीचा शेवट ते मार्चचा मध्य, फक्त अवकाळीचा अंदाज पाहूनच, कमीत कमी चोवीस तास कोरडे मिळाले पाह्यजेत.

एक सोपी चाचणी आजच करून पाहा. पार्किंगवर वेगवेगळ्या जागी पेलाभर पाणी ओता. पाणी वर थेंबाथेंबानं थांबलं तर तिथं डांबराचा पापुद्रा अजून शाबूत आहे, सीलकोटची घाई नाही. पाणी पटकन शोषून जागा काळी पडली तर तिला सीलकोटची गरज आहे.

प्रतापनगर_सचिव

साईटवाल्या भाऊंचं एकूण एक बरोबर आहे. आमच्या सोसायटीचा अनुभव सांगतो, ठेकेदाराचं नाव घेत नाही.

ड्रम आले तेव्हा सील होते, सगळ्यांनी पाह्यलं. दुपारी सगळे जेवायला गेले अन तेवढ्यात बागेचा पाइप लावून ड्रममध्ये पाणी भरलं, वॉचमननं नंतर सांगितलं. संध्याकाळी सगळं काळंभोर, लोक खुश, फोटो ग्रुपवर. पहिल्या जोरदार पावसात गेटजवळ अन वळणावर काळं पाणी वाहत गेलं अन खालची राखाडी जमीन परत दिसायला लागली. काळेपणावरून काहीच कळत नाही हे लक्षात ठेवा, पातळ केलेलंही पहिल्या दिवशी तितकंच काळं दिसते. अन एकानं तर आमच्या शेजारच्या बंगल्यात जळकं इंजिन ऑइल मिसळून मारलं होतं, चमक अशी की विचारू नका, पण ऑइलनं डांबर मऊच पडते, कडक होत नाही, महिनाभर तिथं पाय ठेवला की काळा.

दुसरं, धूळ. आमच्याकडं फक्त झाडू मारला होता. बाजूला बांधकाम चालू असलं तर सकाळी झाडलेलं दुपारी परत धुळीनं भरते, अन धुळीवर मारलेला सीलर धुळीलाच चिकटते, जमिनीला नाही. पापुद्रे निघाले ते उलटे करून पाह्यले, मागच्या बाजूला मातीचा थर होता. ब्लोअर लावून घ्या, ते भाड्यानं मिळते, अन आदल्या दिवशी पाण्यानं धुवून पूर्ण सुकू द्या.

गोधनी_कट्टा

एवढी झंझट कशाला, गट्टू लावा न मोकळे व्हा.

साईटवरचा_माणूस

गट्टू चांगलाच आहे, पण त्याखालीही तीच काळी माती अन तेच पाणी असते भाऊ. खालचा थर नीट दाबला नाही तर वर्षभरात चाकोरी पडते, गट्टू वरखाली होतात, अन डांबर न उखडता वरच गट्टू बसवले तर पार्किंगची पातळी वर येते. नागपुरात सिमेंटचे रस्ते उंच होऊन किती घरांत अन कंपाउंडात पावसाचं पाणी शिरायला लागलं हे वेगळं सांगायला नको. सप्टेंबर २०२३ मध्ये अंबाझरी तलाव ओव्हरफ्लो झाला तेव्हा अंबाझरी लेआउट, शंकरनगरकडं काय झालं ते सगळ्यांनी पाह्यलं, पातळी अन उतार यांच्याशी खेळायची हिंमत करू नये. बाराशे-पंधराशे फूट फुटलं म्हणून बाकी धड असलेलं दहा हजार फूट उखडणं मला पटत नाही. अर्ध्याहून जास्त जागा जाळीनं फुटली असती तर मीच म्हटलं असतं की सीलकोट विसरा.

मिनेसोटातला_नागपूरकर

मूळचा महालचा, सध्या अमेरिकेत मिनेसोटा राज्यात. इथं घरोघरी डांबरी ड्राइव्हवे असतात अन उन्हाळ्यात सीलकोटिंगचं काम जोरात चालते, म्हणून दोन गोष्टी लिहितो.

'फॉरेन टाईपचं मटेरियल' म्हणून राहिला त्याला पहिला प्रश्न हा विचारा की ते बिटुमेन इमल्शन आहे का कोल टार. कोल टार म्हणजे दगडी कोळशापासून निघणारं, त्यावर पेट्रोल अन ऑइलचा परिणाम कमी होते म्हणून ते पार्किंग लॉटवर खूप चालायचं. पण त्यात पीएएच नावाची रसायनं भरपूर असतात, त्यातली काही कॅन्सरकारक. अमेरिकेच्या भूगर्भ सर्वेक्षण खात्यानं अन टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरानं यावर बरंच काम केलं, सीलर घासून त्याची जी धूळ होते ती पावसानं ओढ्यात जाते अन चपलांसोबत घरातही येते हे दाखवून दिलं. कोल टार सीलरमध्ये पीएएचचं प्रमाण डांबरी सीलरच्या साधारण हजारपट असते असं त्या खात्याचंच म्हणणं आहे. ऑस्टिननं २००६ मध्ये बंदी घातली, वॉशिंग्टन डीसीनं २००९ मध्ये, वॉशिंग्टन राज्यानं २०११ मध्ये, अन आमच्या मिनेसोटात २०१४ पासून बंदी आहे.

तुमच्या पार्किंगमध्ये पोरं खेळणारच, क्रिकेट तिथंच, सायकल तिथंच, अन नागपुरात जुन्या-नव्या कितीतरी सोसायट्यांत विहीर किंवा बोअर आवारातच असते. त्यामुळं कोल टार असेल तर कितीही टिकाऊ म्हटलं तरी नाही म्हणा. ओळखायला सोपं, झाकण उघडलं की डांबरगोळ्यांचा उग्र वास मारते. पण वासावर सोडू नका, कंपनीची सेफ्टी शीट मागा, त्यात घटक लिहिलेले असतात. शीट देत नसेल तर माल घेऊ नका.

दुसरं, इथं चांगले लोक कडा हातानं ब्रशनं मारतात अन मगच मधला भाग स्क्वीजीनं (रबरी वायपरनं) किंवा स्प्रेनं. पहिला हात स्क्वीजीनं दाबून मारला की मटेरियल बारीक छिद्रांत बसते, दुसरा हात पहिल्याला आडवा. एकच जाड हात मारून देतो म्हणणाऱ्याला सरळ नाही म्हणा, जाड थर वरून सुकते अन आतून ओलाच राहते, मग त्याच्या खपल्या निघतात. अन दरवर्षी मारत बसू नका, थरावर थर चढले की तेच फुटायला लागतात. इथल्या बर्फात लोक दोन-तीन वर्षांनी मारतात, तुमच्याकडं पाण्याची चाचणी करून ठरवा.

बेसा_रोडवाला

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कोणी समजावून सांगत नाही. आज सकाळी पेलाभर पाणी घेऊन सगळीकडं फिरलो. उन्हातल्या ओळीत पाणी लगेच शोषलं जाते, कडुनिंबाखालच्या सावलीतल्या ओळीत मात्र वरच थांबते. म्हणजे सावलीतली ओळ सोडली तरी चालेल ना? कमिटीला पॅचिंग मे मध्ये अन सीलकोट नोव्हेंबरमध्ये हे पटेल असं वाटते. आता मला मटेरियलची चोरी कशी पकडायची ते सांगा, अन ऑइलच्या डागांचं काय, अन गाड्या किती दिवस बाहेर ठेवाव्या लागतील? आमच्याकडं बाहेर रस्त्यावर एवढ्या गाड्या लावायला जागाच नाही.

साईटवरचा_माणूस

सावलीतली ओळ या वेळी सोडा, पैसे वाचवा, रंगात फरक दिसेल म्हणून लोक कुरकुरतील पण त्यांना कारण सांगा. तिथं कडुनिंबाचा पाला अन निंबोळ्या पडून ओल धरत असेल तर ती जागा झाडून कोरडी ठेवायची सवय लावा, तेवढं पुरे.

मटेरियलचा हिशोब स्वतः करा, अवघड नाही. १२,००० चौरस फूट म्हणजे साधारण १,११५ चौरस मीटर. फॉग सीलच करायचं ठरलं तर चौरस मीटरला अर्ध्या लिटरनं फवाऱ्याचं द्रावण साडेपाचशे लिटरच्या वर लागते, त्यात निम्मं इमल्शन, म्हणजे २०० लिटरचा जवळपास दीड ड्रम. एक लिटरच्या दरानं तेच तीन ड्रमच्या आसपास. तयार सीलर घेतला तर कंपनीच्या शीटवर एक लिटर किती जागा पुरते ते लिहिलेलं असते, दोन हातांचा हिशोब लावून ड्रम किती यायला पाह्यजेत ते ठेकेदारासमोरच काढा अन वर्क ऑर्डरमध्ये ड्रमची संख्या लिहा. ड्रम सीलबंद आले पाह्यजेत, कंपनीचं नाव, बॅच नंबर, एसएस-१ असेल तर आयएस ८८८७ लिहिलेलं, अन बिल सोसायटीच्या नावानं. सील तुमच्यासमोर फुटलं पाह्यजे. पाणी किती टाकायचं ते शीटवर असेल तितकंच, मोजून, अन जेवणाच्या सुट्टीत एक माणूस तिथं बसवा. रिकामे ड्रम काम संपल्यावर मोजूनच जाऊ द्या.

पाणी जास्त झालं का पाहायचं असेल तर चांगलं ढवळलेल्या मटेरियलमधून १०० ग्रॅम स्टीलच्या ताटलीत पातळ पसरून घ्या, ताटलीचं वजन आधी लिहून ठेवा, अन दोन-तीन दिवस कडक उन्हात ठेवून परत वजन करा. गॅसवर तापवू नका, फसफसून अंगावर उडते. एसएस-१ मध्ये निदान निम्मं तरी डांबर असायला पाह्यजे, म्हणजे ड्रममधल्या मालाचे ५० ग्रॅमच्या आसपास उरले पाह्यजेत, निम्मं पाणी मिसळलेल्या फवाऱ्याचे पंचवीसेक. फवाऱ्याचे दहा-बाराच उरले तर काय झालं ते उघड आहे. ही चाचणी करणार आहोत एवढं ठेकेदाराला आधीच सांगून ठेवलं तरी बराच फरक पडते.

रेतीबद्दल, तयार सीलरमध्ये बारीक, धुतलेली, कोरडी रेती लागते. कन्हानची रेती चाळून घेतली तर चालेल पण त्यात माती नको, मूठभर रेती काचेच्या ग्लासात पाण्यात ढवळा, पाणी गढूळ झालं तर परत पाठवा. रेती नसलेला गुळगुळीत काळा पृष्ठभाग दिसायला छान अन पावसात घातक. तुमच्याकडं म्हातारी माणसं असतील, दुचाकी असतील, म्हणून रेतीवर तडजोड नको. बेसमेंटचा रॅम्प सिमेंटचा असेल तर त्यावर सीलर मारायचाच नाही.

ऑइलचे डाग आधी खरवडा, मग डिटर्जंट अन कडक ब्रशनं घासा, दोनदा-तीनदा. त्यावर पेट्रोल-डिझेल ओतून साफ करायच्या भानगडीत पडू नका, ते डांबरच विरघळवते. बोटानं दाबून जागा मऊ लागली तर तेवढा चौकोन कापून नवीन भरा, कडक असेल तर ऑइल स्पॉट प्रायमर मारून मग सीलर. अन गाडीमालकाला गाडी दुरुस्त करायला लावा, नाहीतर तो डाग परत येणारच. कूलरचं पाणी पाइपानं नालीत सोडा, तो ठराव याच मीटिंगमध्ये करून घ्या, रोजचा ओलावा नव्या पॅचलाही खाईल.

गाड्यांसाठी काम दोन भागांत करा. अर्धी बाजू, मग ती उघडली की दुसरी. नोव्हेंबरमध्ये सकाळी नऊ-दहाला दव सुकल्यावर सुरू करायचं, दुपारी तीनच्या आत दुसरा हात पूर्ण, म्हणजे सूर्य मावळायच्या आधी त्याला काही तास मिळतात. पहिला हात बोटाला लागत नाही इतका सुकल्याशिवाय दुसरा नाही, उशीर झाला तर सरळ दुसऱ्या दिवशी मारा. पायी चालणं दुसऱ्या दिवशी चालेल, गाड्या दोन दिवस नको. अंगठा दाबून पिळून पाहा, काळं लागलं किंवा पृष्ठभाग सरकला तर अजून एक दिवस थांबा. सुरुवातीचे काही आठवडे गाडी उभी असताना स्टिअरिंग फिरवू नका, अन दुचाकीच्या स्टँडखाली लोखंडी पट्टी किंवा फरशीचा तुकडा ठेवा, पुढच्या मे महिन्यात तर नक्कीच. नंबर अन पट्टे सगळं पूर्ण सुकल्यावर, आठवडाभरानं.

ड्रम अन ब्रश धुतलेलं पाणी नालीत किंवा विहिरीजवळ ओतू देऊ नका, तेही वर्क ऑर्डरमध्ये लिहा. अन कामावरच्या पोरांना हातमोजे-बूट नसतील तर काम सुरू करू देऊ नका, क्रॅक फिलर गरम असते, चामडी सोलून निघते.

धरमपेठ_बंगला

मध्येच विचारते, आमच्या गेटपासून पोर्चपर्यंत डांबरी आहे, सहाशे फूट असेल, एवढ्यासाठी कोणी ठेकेदार यायला तयार नाही. घरच्या घरी जमेल का? मिस्टर म्हणतात जुनं डांबर वितळवून मारू.

साईटवरचा_माणूस

ताई, घरी डांबर वितळवायचं अजिबात नको, आग लागते अन भाजलं तर डांबर कातडीवरून निघत नाही. तयार सीलरनं मात्र आरामात जमेल. सहाशे फूट म्हणजे पंचावन्न-छप्पन्न चौरस मीटर, दोन माणसं अन एक दिवस. लांब दांड्याचं रबर वायपर अन जुना नारळी झाडू घ्या, कडेचे गट्टू अन चेंबरचं झाकण टेप-प्लॅस्टिकनं झाका, डबा तळापासून ढवळा कारण रेती खाली बसते, अन पोर्चकडून गेटकडं मारत या म्हणजे बाहेर निघता येईल. आधी कोपऱ्यात दोन फुटांचा तुकडा मारून दोन दिवस पाहा, नीट चिकटला तर पुढं जा. अन तुम्हीही दिवाळीनंतरच करा.

बेसा_रोडवाला

मीटिंग झाली. ट्रान्सफॉर्मरजवळचा पट्टा अन उतार याच महिन्यात, भेगांचं क्रॅक फिलरही लगेच, कूलरच्या पाण्याचा ठराव पास. तिघांना नवीन कोटेशन मागितलं, मटेरियलचं नाव, ड्रमची संख्या, दोन हात अन सेफ्टी शीट लिहून. एकानं फोनवरच सांगितलं की शीट वगैरे काही नसते, त्याचं नाव काढून टाकलं. सीलकोटचं नोव्हेंबरमध्ये इथंच कळवतो.